हात दाखवून झाड

भिंगरी झाड झाली ही बातमी सरांना जेवताना कळली, आणि तीही तोंडात घास असताना. त्यामुळे तिचं गांभीर्य पोटात उतरायला जरा वेळ लागला.

"मी आता फुलपाखरू नाहीये," भिंगरी वाटीत चमचा फिरवत म्हणाली. "बाई म्हणाल्या, तू झाड हो."

"वा!" सर म्हणाले. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि घरात कोणी काहीही सांगितलं तरी आधी 'वा' म्हणायचं आणि मग ऐकायला सुरुवात करायची, ही त्यांची पद्धत होती. "झाड तर छानच. झाडं आपल्याला ऑक्सिजन देतात."

"फुलपाखरं हात धरून गोल फिरतात. झाडाचा हात धरायचा नसतो."

"का बरं?"

"कारण माझ्या हाताला चामखिळी आहेत."

सरांचा पुढचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. त्यांनी पोरीचा हात ओढून दिव्याखाली धरला. तर्जनीवर एक, मधल्या बोटाच्या पेरावर एक, आणि अंगठ्याच्या नखाला खेटून एक बारकी, नुकतीच बाळसं धरू लागलेली.

"हे कधीपासून?" त्यांनी बायकोला विचारलं. आवाज असा, की घरात दरोडा पडलाय आणि आपल्याला कोणी उठवलंसुद्धा नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," बायको म्हणाली. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. एकच गोष्ट माणसांना पुन्हा पुन्हा न चिडता सांगण्याचा तिला सराव होता. "तुम्ही 'वा' म्हणालात."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत गेले. बालवर्गाच्या बाईंनी त्यांना अगत्याने खुर्ची दिली. ती खुर्ची बालवर्गाचीच होती. सर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांशी आले, आणि त्या अवस्थेत बाणेदारपणे बोलणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

"एका पालकांनी शंका व्यक्त केली," बाई म्हणाल्या. "की बाबा, हात धरल्याने हे एकाचं दुसऱ्याला होतं. आता मला सगळ्यांचंच बघावं लागतं ना!"

"कोणत्या पालकांनी?"

"ते मी सांगू शकत नाही."

"टोपीच्या आईने," भिंगरी दारातून म्हणाली. टोपी म्हणजे तिच्या वर्गातला एक पोरगा. तो झोपतानाही डोक्यावरची टोपी काढत नाही असा त्याचा लौकिक होता.

बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "हात बरा झाला की लगेच फुलपाखरू. पंख मी जपून ठेवलेत. कार्यक्रमाला अजून अवकाश आहे, सर."

सर खुर्चीतून उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर थोडी उठली. ती सोडवून ते बाहेर आले तर अंगणात मुलं जोडीजोडीने रांगेत उभी राहत होती. भिंगरी रांगेच्या शेवटी गेली आणि तिने दोन्ही हात आपणहून फ्रॉकच्या खिशात घातले. कोणी सांगितलं नव्हतं. सवय झाल्यासारखे घातले. या गोष्टीचं माप कोणत्या एककात घ्यायचं ते सरांना सुचेना. फाटकापाशीच त्यांनी ठरवलं, कार्यक्रमाच्या आत चामखिळी गेल्याच पाहिजेत.

माणसाने असं काही ठरवावं, पण जिन्यात बोलून दाखवू नये. सरांनी दाखवलं. तळमजल्यावरच्या काकू तेव्हा पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अर्धा बटाटा चोळायचा आणि जमिनीत पुरायचा," काकू म्हणाल्या. "पुरून येताना मागे वळून बघायचं नाही. बटाटा कुजला की चामखीळ गळाली म्हणून समजा."

"काकू, बटाट्याचा आणि चामखिळीचा संबंध काय?"

"तो मला काय विचारता? विज्ञानाचे सर तुम्ही."

सासूबाईंनी फोनवर सांगितलं, की चामखिळीकडे बघायचंच नाही. बघितलं की त्या फोफावतात. चौथ्या मजल्यावरच्या नानांचं मत सगळ्यांत ठाम होतं. नाना निवृत्त झाल्यापासून त्यांनी अख्ख्या इमारतीचं आरोग्य अंगावर घेतलं होतं. "घोड्याच्या शेपटीचा केस," नाना म्हणाले. "करकचून बांधायचा. बाकी सगळं झूट."

सरांनी या सगळ्या सल्ल्यांची यथेच्छ टर उडवली. विज्ञानाच्या माणसाला ते भागच होतं. मग अंधार पडल्यावर ते अर्धा बटाटा आणि उलथनं घेऊन इमारतीच्या बागेत गेले. 'निव्वळ कुतूहल म्हणून' असं त्यांनी बायकोला सांगितलं. बटाटा पुरून ते मागे न बघता सरळ चालत आले आणि बागेच्या कुंपणाला धडकले. पुढे त्या जागी चांगला तरारून कोंब आला. चामखिळी होत्या तिथेच होत्या. प्रयोगातून एवढंच सिद्ध झालं, की बटाटा पुरला तर उगवतो. शास्त्राला हे आधीच माहीत होतं.

मग ते रीतसर औषधाच्या दुकानात गेले आणि चामखीळ जाळायची बाटली घेऊन आले. लहान मुलीच्या अंगाला लावायचं म्हणजे आधी खात्री नको का? सरांनी ते स्वतःच्या अंगठ्यावर लावून पाहिलं. काही झालं नाही. आणखी लावलं. तरी काही झालं नाही, म्हणून रोज लावत गेले. शेवटी अंगठ्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली आणि औषध जहाल असल्याचं निर्विवाद ठरलं. ते भिंगरीला लावायचा आता प्रश्नच नव्हता. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने खडू धरता येईना, म्हणून सर डाव्या हाताने फळ्यावर लिहू लागले. प्रकाशाचं वक्रीभवन मुलांना कधी नव्हे ते डोळ्यांनी दिसलं.

राहता राहिला घोडा.

कॉलेजच्या मागच्या रस्त्याला घोडेस्वारी शिकवायचं मैदान होतं. सर एका संध्याकाळी खिशात नखं कापायची कात्री घेऊन तिकडे गेले. तबेल्यापाशी एक तांबडा घोडा बांधला होता आणि शेजारी घोडेवाला बादलीवर बसला होता.

"मला जरा शेपटीचा एक केस हवाय," सर म्हणाले.

"कोणाच्या?"

"घोड्याच्या हो!"

"कशाला?"

इथे सरांनी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण इतकी वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या तोंडून 'चामखिळीला बांधायला' हे शब्द काही केल्या बाहेर पडेनात. "प्रयोगासाठी," ते म्हणाले.

"मग मॅनेजरची परवानगी लागेल. घोड्यावर प्रयोग करायचे नाहीत, असं आहे."

"घोड्यावर नाही, केसावर."

"केस घोड्याचाच ना? मॅनेजर चहा घ्यायला गेलेत. आले की अर्ज द्या." आणि घोडेवाला बादली उचलून पाणी आणायला गेला.

सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक केस. घोड्याला काय कळणार आहे? ते दबक्या पावलांनी घोड्याच्या मागे गेले आणि दोन बोटांनी अलगद एक केस निवडून कात्री काढली. घोड्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी त्याच्याकडे पाहून हसून दाखवलं. घोड्याला ते हसणं आवडलं नसावं. त्याने शेपटीचा असा फटकारा मारला, की चष्मा उडून गवताच्या भाऱ्यात पडला. सर चष्मा शोधायला ओणवे झाले आणि तेवढ्यात वरून, बऱ्याच उंचावरून, ओळखीचा आवाज आला.

"सर? तुम्ही?"

सरांनी चष्म्याविना वर पाहिलं. पांढऱ्या घोड्यावर एक धूसर, भारदस्त आकृती बसली होती. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्या नुकत्याच घोडेस्वारी शिकायला लागल्या होत्या, ही गोष्ट सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. सर तेवढे बटाट्यात गुंतलेले होते.

"नमस्कार, मॅडम," सर गवतातूनच म्हणाले. उठावं तर मागे शेपूट होती.

"घोड्याच्या मागे कात्री घेऊन काय करताय?"

सर ज्या गोष्टीचा खुलासा एका बादलीवाल्यापुढे करायला लाजले, तिचा खुलासा आता त्यांना प्राचार्यांपुढे, गवतात बसून, साग्रसंगीत करावा लागला. मुलगी, चामखीळ, झाड, नाना, सगळं. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"विज्ञान मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि घोडा वळवला. तो त्यांच्याकडून उलट्या दिशेला वळला, पण त्या तशाच ताठ मानेने निघून गेल्या.

केस मात्र मिळाला. घोडेवाल्याने परत आल्यावर जमिनीवर पडलेला एक उचलून दिला. म्हणाला, "हा तर रोजचाच कचरा आहे. आधी बोलला असतात तर पिशवीभर दिले असते." सर तो कागदात गुंडाळून विजयी मुद्रेने घरी आले. बायकोने पुडी उघडून पाहिली.

"हा पाच वर्षांच्या पोरीच्या बोटाला करकचून बांधायचा?"

"नाना म्हणतात..."

"बोट काळंनिळं पडेल. नानांना म्हणावं, तुमच्या नाकाला बांधा." मग तिने सरांच्या केसांतली गवताची काडी काढली आणि आवाज उतरवून म्हणाली, "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? डॉक्टर नावाची माणसं असतात. मी उद्याची वेळ घेतलीये."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सर भिंगरीला घेऊन पोचले तेव्हा बाकावर एकच जागा रिकामी होती. सर तिथे टेकले आणि बाजूला पाहतात तो टोपीची आई! तिच्या पलीकडे टोपी, टोपीसकट.

दोघांनाही एकदमच दुसरीकडे बघावंसं वाटलं. पण खोली लहान होती. दुसरीकडे बघायला फक्त दाताच्या पेस्टची जाहिरात होती, आणि ती दोघांनी मिळून बराच वेळ वाचली.

"मी माझ्या केसांसाठी आलेय," टोपीची आई शेवटी म्हणाली.

"मी आपला सहजच," सर म्हणाले.

"स्किनच्या डॉक्टरकडे सहज?"

"इकडून चाललो होतो."

बाकाच्या त्या टोकाला मात्र मुत्सद्देगिरीचं नाव नव्हतं. टोपीने केव्हाच विजार गुडघ्यावर सरकवली होती. गुडघ्याभोवती मोत्यासारख्या चकचकीत पुटकुळ्या होत्या, प्रत्येकीच्या मध्ये एक बारीक खळगा. "बेंबी आहे बघ हिला," तो अभिमानाने सांगत होता. भिंगरी डोळे विस्फारून बघत होती. तिने आपली तर्जनी पुढे केली आणि टोपीनेही तिची डोळसपणे पाहणी केली.

"टोपी, विजार खाली कर!" त्याची आई कुजबुजली.

तेवढ्यात दारातल्या मुलीने मोठ्यांदा पुकारलं, "हाताच्या चामखिळी कोण? या आत. आणि गुडघ्याच्या पुटकुळ्या, तुम्ही तयार राहा."

सगळा दवाखाना त्या दोघांकडे बघू लागला. टोपीच्या आईने डोळे मिटले. सरांना गेले कित्येक दिवस या क्षणाची स्वप्नं पडत होती, पण प्रत्यक्षात त्यांना तिची दयाच आली. "केस चांगले आहेत हो तुमचे," ते म्हणाले आणि आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी भिंगाखाली बोटं पाहिली, भिंगरीशी गप्पा मारल्या आणि सांगितलं, की हे साधे विषाणू असतात, लहान मुलांना होतातच, आणि बहुतेक वेळा शरीर आपलं आपण त्यांना हुसकावून लावतं. वेळ लागतो इतकंच.

"किती वेळ?"

"काही महिने. कधी वर्ष, कधी जास्तही. कुरतडू द्यायचं नाही, टॉवेल वेगळा, बोटावर पट्टी लावायची. घाई असेल तर औषध आहे." त्यांची नजर सरांच्या अंगठ्याकडे गेली. "ते चामखिळीवर लावायचं असतं. आजूबाजूला नाही. आणि निरोगी अंगठ्यावर तर मुळीच नाही."

"कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे," सर कळकळीने म्हणाले. "गोठवून काढतात म्हणे?"

"काढतात. थोडं झोंबतं. एवढ्याशा मुलीला मी सुचवणार नाही."

"आधी बाबा," भिंगरी म्हणाली. "बाबाच्या मानेवर पण आहे. मग मी."

सरांच्या मानेवर खरोखरच एक मस होता, कॉलरच्या मागे. तो वयोमानाने येतो, असं डॉक्टरीणबाईंनी विनाकारण सांगितलं. पण लेकीपुढे बापाने माघार कशी घ्यायची? सरांनी कॉलर खाली केली. "थंडी ही काही वस्तू नसते, भिंगरी," ते समजावू लागले. "उष्णतेचा अभाव म्हणजेच..."

पुढचं वाक्य बाहेरच्या खोलीपर्यंत पोचलं, पण ते पदार्थविज्ञानातलं नव्हतं. सर डोळे उघडतात तो त्यांचा हात भिंगरीने दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता आणि ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "आम्ही थांबू काही महिने." बाहेर टोपीने भोकाड पसरलं होतं. त्याची समजूत घालता घालता सगळ्यांची पुरेवाट झाली.

(आणि हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं: त्या चामखिळी पुढे केव्हातरी गेल्या. कधी गेल्या ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. असो.)

'बोटावर पट्टी लावून इतर मुलांचे हात धरण्यास हरकत नाही,' असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. तो कागद घेऊन सर आणि टोपीची आई, दोघं मिळून शाळेत गेले. वाटेत ती म्हणाली, "मीच बोलले होते हो बाईंना. तेव्हा टोपीला काही नव्हतं." सर 'वा' म्हणणार होते, पण त्यांनी स्वतःला आवरलं.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "'हरकत नाही' असं आहे. 'चालेल' असं कुठे आहे?"

"दोन्हीचा अर्थ एकच, बाई."

"तसा एकच. पण मला वरती दाखवावं लागेल."

वरती म्हणजे मुख्याध्यापिका. त्या न्यायी होत्या, आणि न्यायी माणसाच्या हातात प्रकरण गेलं की ते वाढतंच. त्यांनी विचार केला, की एकाच मुलीला झाड करणं हा पक्षपात झाला. म्हणून त्यांनी सगळ्या पालकांना सूचना धाडली: आपापल्या पाल्याची त्वचा तपासावी, काही उंचवटा आढळल्यास कळवावं, अशा पाल्यास 'स्थिर भूमिका' देण्यात येईल.

एखाद्या गोष्टीकडे बघायचंच नाही, असं सासूबाई उगाच म्हणत नव्हत्या. त्या रात्री घरोघरी पोरांना दिव्याखाली उलटंपालटं केलं गेलं आणि सकाळपासून कबुलीजबाब येऊ लागले. कोणाच्या कोपरावर चामखीळ, कोणाच्या पोटावर पुटकुळ्या, कोणाला घामोळं, तर कोणाला नुसताच डास चावलेला. एका आजोबांनी नातवाचा जन्मापासूनचा तीळ कळवला, 'नंतर भानगड नको' म्हणून. प्रत्येकाला न्याय मिळाला. रोज एक फुलपाखरू गळायचं आणि एक झाड उगवायचं. पंख पेटीत परत जाऊ लागले आणि तपकिरी पुठ्ठा बाजारात मिळेना. टोपीची आई आणि सर शाळेच्या व्हरांड्यात बसून हिरव्या कागदाची पानं कापू लागले. नखं कापायची कात्री अखेर सत्कारणी लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सर पुढच्याच रांगेत बसले, बायको एका बाजूला, दुसऱ्या बाजूला कोणीतरी. पडदा वर गेला आणि लोकांच्या तोंडून एकदम 'अरे बाप रे' निघालं.

रंगमंचावर घनदाट जंगल होतं. झाडाला झाड खेटून. एका झाडाच्या शेंड्यावर टोपी होती. आणि मधोमध, जेमतेम उरलेल्या जागेत, दोनच फुलपाखरं उभी होती, एक मुलगी आणि एक मुलगा, शाळेतली निष्कलंक त्वचेची शेवटची दोन मुलं. गाणं सुरू झालं. फुलपाखरांनी एकमेकांचे हात धरले आणि गोल फिरायचं म्हणून ती फिरू लागली. पण दोघांचा गोल किती होणार? जरा वेळात त्यांना गरगरलं आणि ती थांबली. एवढे लोक, एवढं जंगल, आणि आपण दोघंच! मुलाचा ओठ थरथरू लागला.

"फिरा! फिरा ना!" बाई पडद्याआडून हातवारे करत होत्या. "झाडांनो, हलू नका!"

तेवढ्यात मधलं एक झाड हललं. सरांना खोडाखालची चप्पल ओळखता आली. भिंगरीने पुठ्ठ्याच्या भोकातून हात बाहेर काढला आणि त्या मुलापुढे धरला. पट्टी लावलेली तर्जनी, पट्टी लावलेलं मधलं बोट, अंगठा.

मुलाने हाताकडे पाहिलं. मग समोर अंधारात, आई जिथे बसली असेल तिकडे पाहिलं. सरांच्या मागच्या रांगेत कोणीतरी अर्धवट उठल्यासारखी खुर्ची करकरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आता तो पोरगा मागे सरकणार, आणि एवढ्या लोकांदेखत भिंगरी तो हात परत पुठ्ठ्यात घालणार. त्यांनी न बघता बायकोचा हात घट्ट पकडला. गाणं वाजतच होतं.

मुलाने नाक पुसलं आणि हात धरला.

मग काय! शेजारच्या झाडाने भिंगरीचा दुसरा हात पकडला, त्याला टोपीने धरलं, आणि बघता बघता सगळं जंगल मुळासकट उपटून गोल फिरायला लागलं. पानं गळाली, एक बुंधा आडवा झाला आणि तसाच घसरत फिरला. बाई "हलू नका" म्हणता म्हणता टाळ्या वाजवू लागल्या. मागची खुर्ची पुन्हा करकरली. ती आई खाली बसली होती की उभी राहिली होती, ते वळून बघण्याचं भान सरांना नव्हतं.

गाणं संपलं, दिवे लागले. सरांनी बायकोकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

मग इतका वेळ आपण पकडलेला हात कोणाचा? सरांनी सावकाश मान वळवली. बाजूला एक अनोळखी म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची बोटं सरांच्या मुठीत दाबून पांढरीफटक पडली होती.

"माफ करा हं," सर ओशाळून हात सोडवू लागले. "अंधारात कळलंच नाही."

म्हाताऱ्यांनी हात सोडला नाही. त्यांचे डोळे अजून रंगमंचावरच होते, जिथे पोरं एकमेकांच्या फांद्या तोडत होती.

"असू द्या हो," ते म्हणाले. "त्यातलं एक झाड माझंही आहे."